दहा फूट की बारा

गावच्या घराचं गेट दहा फुटांचं करायचं, हे मी अंदाजाने ठरवलं नव्हतं. मी एका छापखान्यात अंदाजपत्रकं करतो. कागद किती लागेल, वाया किती जाईल, हे काम सुरू व्हायच्या आधी सांगणं हीच माझी नोकरी. घरात पडद्याची दांडी लावायची झाली तरी मी भिंत दोनदा मोजतो. गेट तर आईसाठी होतं.

आई गावी राहते, तळकोकणात. आम्ही लालबागला, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. बेचाळीस पायऱ्या आहेत. तिच्या हृदयाचा जोर निम्म्याहून कमी उरलाय असं परळच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून त्या पायऱ्या तिला बंद झाल्या. तिला त्याचं काही वाईट वाटलं नाही. तिला गावीच राहायचं होतं. शेजारची एक बाई तिच्या सोबतीला असते, औषधं मी महिन्याची एकदम पाठवतो.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात तिला धाप लागली. बोलावल्यापासून पंचवीस मिनिटांत ॲम्ब्युलन्स आली आणि रस्त्यावरच थांबली. आमच्या आवाराला तेव्हा गेट नव्हतं, बेडं होतं, म्हणजे दोन खांबांमध्ये अडकवलेले आडवे बांबू. बांबू काढले तरी वाट सहा फुटांची. तिथून घर एकशे चाळीस फूट, तेही चढावर. चार माणसांनी आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. मधेच खुर्चीचा एक पाय मुडपला, तेव्हा तिला जमिनीवर टेकवून दुसरी खुर्ची आणायला माणूस पाठवावा लागला. घराच्या पायरीपासून ॲम्ब्युलन्सच्या दारापर्यंत अकरा मिनिटं. कोणी कुणाला कधी फोन केला ते विचारून मी हा आकडा नंतर काढला. डॉक्टरांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, या वेळी निभावलं, पण यांच्या बाबतीत अकरा मिनिटं फार झाली.

म्हणून बेडं काढून गाडी घरापर्यंत जाईल अशी वाट करायची आणि तोंडाशी लोखंडी गेट बसवायचं ठरलं. नुसतंच मोकळं ठेवता येत नाही. मोकाट गुरं दिवसा शिरतात आणि रानडुकरं अंधार पडला की.

ॲम्ब्युलन्स किती रुंद असते हे मी परळला एका हॉस्पिटलच्या बाहेर जाऊन मोजलं. ड्रायव्हर पान खात उभा होता. मी टेप काढल्यावर त्याने विचारलं, विमा कंपनीतून आलाय का. मी म्हटलं, नाही, गेट करायचंय. तो म्हणाला, मग गेट मोजा ना साहेब, माझी गाडी कशाला मोजताय. पण त्याने मोजू दिलं. एका आरशापासून दुसऱ्या आरशापर्यंत सात फूट पाच इंच, लांबी अठरा फूट. दोन्ही बाजूंना एकेक फूट मोकळा धरला तर नऊ फूट पाच इंच. दहा फुटांत सात इंच वर उरत होते.

जागाही नेमकी तेवढीच होती. रस्त्याकडेच्या गटारावर मोरी आहे ती एकाच ठिकाणी, त्यामुळे गेट तिथेच यायला हवं. मोरीच्या डाव्या हाताला राखणदाराचा दगड. आमच्याकडे जागेला राखणदार असतो, वर्षातून एकदा त्याला नारळ आणि कोंबडा देतात. त्याच्यापासून फूटभर सोडून मोजायला सुरुवात केली, तर उजवीकडच्या गडग्यापर्यंत बारा फूट आठ इंच भरत होते. गडगा म्हणजे दगडांचा बांध. त्याच्या पलीकडे माझ्या चुलत भावाची जमीन. चिऱ्याचे दोन खांब प्लास्टर धरून सोळा सोळा इंचांचे. ते वजा केले की बरोबर दहा फूट. हिशेब असा जुळला की मला बरं वाटलं. गवंड्याने गुढीपाडव्यानंतरचा बुधवार दिला होता. त्या दिवशी तो खांबांचे खड्डे मारणार होता. पुढे दोन महिने तो दुसऱ्या कामाला बांधलेला.

त्या आधीच्या शनिवारी कागदावरचं चित्र मी बायकोला दाखवलं. तिने एकच विचारलं.

"गाडी रस्त्यावरून सरळ आत जाणार, की वळून?"

तिचं माहेर गिरगावातल्या एका वाडीत. वाडीच्या तोंडाशी वळताना टेम्पो अडकतात, माणसं घराबाहेर येऊन मागे घ्या, पुढे घ्या ओरडतात, हे ती लहानपणापासून बघत आली होती. आमच्या चाळीचं दार गल्लीच्या अगदी समोर आहे. गाडी मी कधी घेतली नाही, चालवली नाही. मी अठरा फूट हा आकडा लिहून घेतला होता आणि कुठेच वापरला नव्हता. गावचा रस्ता अकरा फुटांचा, पलीकडे दरड. ॲम्ब्युलन्सला तिथे काटकोनात वळायचं होतं.

रविवारी सकाळी चाळीच्या चौकात मी गावचा रस्ता आखला, रांगोळीने. अकरा फुटांवर दोन रेषा. दरडीच्या जागी बाकं लावली, खांबांच्या जागी पाण्याची दोन रिकामी पिंपं, दहा फुटांवर. तळमजल्यावरच्या शेजाऱ्याचा टेम्पो आहे, पावणेअठरा फुटांचा. त्याला म्हटलं, जरा वळवून दाखव. तो म्हणाला, काका, यात काय आहे, एका हाताने घालतो.

पहिल्यांदा पुढचं चाक डाव्या पिंपाला टेकलं. मागे घेतला, तर मागून बाकं. पुन्हा पुढे. एव्हाना गॅलऱ्या भरल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरून कोणी "काप, काप, अजून काप" म्हणून सांगत होतं, पहिल्यावरून कोणी मला विचारत होतं, काका, टोल कुठे भरायचा. पाच वेळा मागेपुढे करून टेम्पो आत गेला, आणि जाता जाता त्याच्या मागच्या कोपऱ्याने उजवं पिंप आडवं केलं. माझ्या घड्याळात साडेचार मिनिटं झाली होती. वरून एक बाई हसत म्हणाली, "एवढ्यात आजी उतरून चालत गेल्या असत्या."

आईच्या हृदयाचं तिला काही माहीत नव्हतं. मी पिंप उभं केलं आणि अकरा फुटांवर ठेवलं. अकरात तीन वेळा मागे घ्यावा लागला. बारा फुटांवर ठेवलं तेव्हा शेजारी एकदा मागे आला आणि आत गेला, चाळीस सेकंद. मी त्याला आणखी दोनदा करायला लावलं. दोन्ही वेळा तेच. तो म्हणाला, काका, हे कोरड्यात. चिखल असला आणि पेशंट असला की हात असा चालत नाही. बाराच्या खाली जाऊ नका.

दुपारी मी आईला फोन केला. राखणदाराला दोन फूट बाजूला घेता येईल का, देवळात कौल लावून विचारता येईल का, असं अगदी सावकाश विचारलं. तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"राखणदाराक हलवूचा नाय. माका खुर्चीत घालून न्या, नायतर नेव नका."

राहिली उजवी बाजू.

त्या बाजूचा माझा चुलत भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो, म्हणजे म्हणत असे. तो परळला राहतो, आमच्यापासून चालत बारा मिनिटं. लग्नात, बाराव्याला, गणपतीत आम्ही एकमेकांना दिसतो आणि मान हलवतो. अकरा वर्षं इतकंच. अकरा वर्षांपूर्वी रस्त्याकडची जागा दोन घरांत वाटली, ती मी मोजली. सरकारी मोजणीची वाट न बघता घरच्या घरी उरकायचं ठरलं होतं. एकशे वीस फूट भरले, साठ साठ वाटले, मधे गडगा घातला. दादाला वाटलं त्याची बाजू कमी भरली. मी पाच वडीलधाऱ्यांसमोर टेप पुन्हा लावून दाखवला. पुन्हा साठच भरले.

सोमवारी सकाळी गवंड्याचा फोन आला. वरच्या बाजूचं पाणी गेटात येऊ नये म्हणून मी त्याला दादाच्या बाजूचा चढ विचारून ठेवला होता. त्याने पातळी बघायची पाण्याची नळी लावून तो काढला होता. साठ फुटांत नऊ फूट.

छापखान्यात टेबलावर बसून मी तो आकडा लिहून घेतला, आणि लिहिता लिहिताच माझ्या लक्षात आलं. रस्त्याच्या कडेने आमची बाजू सपाट, त्याची चढाची. मी टेप दोन्हीकडे जमिनीवर टेकवून मोजला होता. जमिनीचं माप आडवं धरतात, चढाबरोबर नाही. टेप चढावर टेकवून साठ भरले, तर आडवे भरतात एकोणसाठ फूट चार इंच. मी कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं. फरक आठ इंचांचा, निम्मे वाटून घेतले तर चार. दादाचे चार इंच अकरा वर्षं माझ्याकडे होते.

चार इंच म्हणजे काही नाही, असं कोणीही म्हणेल. पण दादा लिफ्ट बसवायच्या कामात होता. ओळंबा आणि पातळी हे त्याचं रोजचं काम. मोजताना टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं आणि तो म्हणाला होता, टेप उचलून धर. मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "मोजमाप मला शिकवू नकोस." त्याने टेप जमिनीला टेकवला. मी तो प्रसंग फारसा आठवत नसे. त्या सोमवारी मात्र तो शब्दन्‌शब्द आठवला.

संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आधी दोन फूट मागा," ती म्हणाली. "चार इंचांचं मग बघू. खड्डे परवा मारायचेत."

"म्हणजे लपवायचं?"

"लपवा कुठे म्हणतेय? नंतर सांगा. आईंना गाडी आत आली पाहिजे की नाही?"

तिचा हिशेब चुकीचा नव्हता. आधी चार इंच सांगितले आणि दादा म्हणाला, माझे मला दे, तर गेट दहाचंही राहत नव्हतं, नऊ फूट आठ इंचांचं होत होतं. ॲम्ब्युलन्स कदाचित आत वळलीच नसती. चौकातलं आडवं पिंप मला दिसत होतं. आई दिसत होती. मी निघालो तेव्हा बायकोचंच म्हणणं धरून निघालो. वाटेत दोन फूट कसे मागायचे तेवढीच वाक्यं जुळवली.

दादाने दार उघडलं. वहिनी आतून आल्या, काकी कशा आहेत विचारलं, बसा म्हणाल्या. मी बसलो. आईची तब्येत, गेल्या वर्षीची खुर्ची, अकरा मिनिटं, सगळं सांगितलं. तो टीव्हीकडे तोंड करून ऐकत होता, आवाज मात्र त्याने बंद केला होता. मी चौकातला टेम्पो सांगितला, दहा आणि बारा सांगितले.

"म्हणजे माझ्याकडचे दोन फूट हवेत," तो म्हणाला.

"हो."

"मोजून आलायस ना नीट?"

टोमणाच होता. तेवढ्यावर मला हो म्हणता आलं असतं आणि खरंही होतं, गेटाचं मी नीटच मोजलं होतं. मी हो म्हणालो नाही. माझ्या तोंडून निघालं, "दादा, त्या वेळचं माप चुकलं होतं. टेप उचलायला हवा होता."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. दादाने माझ्याकडे तोंड केलं.

"किती?"

"चार इंच."

"चार कसे? साठात नऊचा चढ आहे. आठ होतात."

अकरा वर्षं त्याला आकडा माहीत होता. मी म्हटलं, फरक आठचा, पण कमी पडले ते दोघांत वाटायचे, म्हणून चार. तो थोडा वेळ छताकडे बघत बसला, मनात करून बघत असावा. मग म्हणाला, "बरोबर. चार."

वहिनींनी चहा आणून ठेवला. मी कप उचलला नाही. मला एवढंच कळत होतं की आता पुढचं काही माझ्या हातात नाही, आईच्या गेटाचंही नाही.

"चार इंच नकोत असं मी म्हणणार नाय," दादा म्हणाला. "ते माझे आहेत. सगळा गडगा उकरू नको. तोंडाशी, रस्त्यावरून दिसेल असा दगड पूर, माझ्या हद्दीचा. आणि कागद दे. तुझ्या हातचा. टेप जमिनीवर टेकवला होता, असं लिही त्यात."

"देतो. आणि दोन फूट?"

"त्याचं उद्या बघतो."

त्याने कागद आणून दिला. मी तिथेच बसून लिहिलं. तारीख, दोघांच्या बाजू, साठ फूट, नऊ फूट, चार इंच. टेप जमिनीवर टेकवला होता, हे वाक्य लिहिताना वेळ लागला. त्याने वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. दारापर्यंत सोडायला तो आला नाही, वहिनी आल्या.

घरी बायकोने चेहऱ्यावरूनच ओळखलं. ती रागावली नाही, पण जेवताना म्हणाली, खुर्ची तरी लाकडी, मजबूत करून घ्या. मंगळवारी रजा घेण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कामावर गेलो. दिवसभरात एकही अंदाजपत्रक पुरं केलं नाही. नऊ फूट आठ इंचांत काय करता येईल याची मी चित्रं काढत होतो. खांब लोखंडी केले तर वीसेक इंच वाचत होते. वळणाचा कोपरा गोल केला तर आणखी थोडे. कसंही केलं तरी बारा होत नव्हते.

चार वाजता फोन वाजला. दादा नव्हता, गवंडी होता. मला वाटलं तो उद्याचा दिवस रद्द करतोय. तो म्हणाला, परळच्या दादांचा फोन होता. उजवा खांब गडग्यापलीकडे त्यांच्या जागेत घ्यायला सांगितलाय.

"किती आत?" मी विचारलं.

"गेट मोकळं तेरा फूट धर म्हणाले. मी त्यांना म्हटलं, तुमच्या भावाने तर दहा सांगितलेले. तर म्हणाले, काकीला न्यायचंय, तेरा धर. आणि आधी त्यांचा दगड पूर म्हणाले, खांब मागाहून."

मी हिशेब केला. चार इंच परत गेले की खांब त्याच्या जमिनीत तीन फूट चार इंच जात होता. मी लगेच दादाला फोन लावला. म्हटलं, तीन फूट चार इंच होतात, त्याचाही कागद करू या, काढून घ्यायचे झाले तर तुला त्रास नको.

"त्याचा कागद नको," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

बुधवारी आधी दगड पुरला गेला, मग खड्डे झाले. दोन झडपांचं गेट लालबागच्या फॅब्रिकेटरने केलं, प्रत्येक झडप साडेसहा फुटांची, चढावर घासू नये म्हणून खालून पाच इंच उचललेली. दादा आता फोन उचलतो, कामापुरतं बोलतो. माझ्याकडे तो अजून आलेला नाही. तीन फूट चार इंचांचं कुठे काही लिहिलेलं नाही, त्यामुळे मला अधूनमधून झोप लागत नाही. बायको म्हणते, तुम्हाला कागद दिला असता तरी लागली नसती.

ॲम्ब्युलन्स आतापर्यंत एकदाच आली, श्रावणात, दिवसाढवळ्या. घराच्या पायरीपासून गाडीच्या दारापर्यंत आईला दोघांनी धरून नेलं, दोन मिनिटं. चार दिवसांनी ती घरी आली. ड्रायव्हरचा नंबर मिळवून मी त्याला फोन केला, वळताना आरशापाशी किती जागा उरली होती ते विचारायला. तो म्हणाला, "ते काय बघितलं नाय साहेब. आत गेली गाडी."